डार्सीच्या गिटारला लावलेली जवारी

“हे काय करून ठेवलंयस माझ्या गिटारचं? माशा शिरल्यात का हिच्या पोटात? बोल ना आता. गप्प का?”

डार्सी ओरडत होती. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं म्हणतात, पण त्या दुपारचा तिचा ‘यू’ अस्सल एकेरी होता. आवाज असा, की माझ्या बेसमेंटच्या भिंतीवर टांगलेल्या अकरा गिटारी आपोआप वाजायला लागल्या, नदीपलीकडे डेट्रॉईटमध्ये कुत्री भुंकली, आणि वर स्वयंपाकघरात असलेली माझी बायको शैला शेगडी बंद करून जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. फुकटचा कार्यक्रम ती सोडत नाही.

“अगं, ऐकून तर घे,” मी म्हणालो.

“ऐकलंच की. सहाच्या सहा तारा गुणगुणताहेत. आणि चार वाजता मला स्टेजवर उभं राहायचंय.” मग आवाज एकदम खाली आला. “एकटीला.”

मागे जिन्यावरून शैला म्हणाली, “अहो, काय केलंत त्या पोरीच्या वस्तूचं?”

केलं काय ते सांगतो. पण आधी हे बेसमेंट कुठलं आणि मी कोण, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झाला, गिटारींशी याचा काय संबंध?

संबंध मिरजेचा. माझे वडील मिरजेला तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात भोपळे कोरायचे. शाळा सुटली की मी तिथेच. तिथे जवारी लावणारे एक म्हातारे चाचा होते. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा बघायला सपाट वाटतो, पण नसतो. केसाच्या जाडीइतका उतार देऊन तो घासलेला असतो. तार छेडली की त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि एका सुरातून दहा सूर उमलतात. त्या घासण्याला जवारी लावणं म्हणतात. चाचांच्या हातात कानस असली की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा थांबून कान टवकारायच्या. मी पाहिलंय. तुमचा विश्वास नसेल तर म्हशींना विचारा.

गिटारचं सगळं याच्या उलट. तिथे तारा हाडाच्या एका पातळ पट्टीवर टेकतात, आणि त्या पट्टीच्या कडेवरून तार स्वच्छ सुटली पाहिजे. तिथे जरा उतार राहिला की गुणगुण सुरू. गिटारवाले त्याला रोग म्हणतात. आम्ही मिरजवाले त्याला मोक्ष म्हणतो.

चाचांनी मला कानस हातात देऊन शिकवायला सुरुवातही केली होती. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि विंडसरला येऊन अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या दारांचे साचे घासले. ओंटारिओतल्या निम्म्या गाड्यांची दारं माझ्या साच्यांतून निघालीत. दार लावल्यावर जो गोड, गुबगुबीत ‘धप्प’ येतो, तो माझा. ज्या दारांना येत नाही, ती दुसऱ्या शिफ्टवाल्यांची. निवृत्त झाल्यावर तीन महिने घरात बसलो. चौथ्या महिन्यात शैला म्हणाली, “एकतर बेसमेंटमध्ये काहीतरी काढा, नाहीतर मी तरी बेसमेंटमध्ये राहायला जाते.” मग वाद्यदुरुस्ती काढली.

गिऱ्हाइकं एकेक नग. आपल्यातल्याच एका निवृत्त हार्ट स्पेशालिस्टांची पेटी आली. ‘काळी चारला धाप लागते’ असं निदान त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं. उघडली तर भात्यात उंदराचं घरटं, आत पाच पिल्लं, आणि पाचही सुरात. वॉटर्लूचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा आला. त्यानं भर जानेवारीत गिटार आठवडाभर गाडीच्या डिकीत ठेवली आणि मग गारठलीय बिचारी म्हणून घरात आणून हीटरला टेकवून ठेवली. तिचं पोट उभं फाटलं. मला विचारतो, “काका, याला वॉरंटी असते का?” मी म्हटलं, “लाकडाला की तुला?”

कॅनडातली गिटार मरते ती थंडीनं नाही, हीटिंगनं. हीटिंगची भट्टी घरातली हवा पापडासारखी कोरडी करते आणि लाकूड आपल्यातलं पाणी सोडून आक्रसतं. इलाज साधा. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज घालायचा आणि ती डबी गिटारच्या पेटीत ठेवायची. बस. एवढंच सांगितलं तर कुणी मानत नाही, म्हणून मी ते आयुर्वेदिक आहे असं सांगतो.

डार्सी पहिल्यांदा आली ती अशाच पोट फाटलेल्या गिटारसाठी. दोन हजार पंधराच्या आसपासची थंडी होती. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, अंगानं काटकुळी, गिटार रजईत गुंडाळून लहान मुलासारखी छातीशी धरलेली. मी तिला साबणाच्या डबीचा इलाज सांगितला. ती हसली. “आमच्या घरी त्यासाठी छप्पर होतं,” म्हणाली. मला कळलं नाही. मी चीर जोडून दिली, ती गेली.

सप्टेंबरात ती परत आली. हाडाची पट्टी बसवायची होती, कारण जुनी प्लास्टिकची झिजून तारा खाली बसल्या होत्या. त्याच आठवड्यात आपल्या मराठी मंडळाचा गणपती, आणि मंडळाचा तंबोरा माझ्याच टेबलावर. भारतातून पाहुणे गायक येणार होते. सकाळपासून चार तास मी त्या तंबोऱ्याची जवारी लावत होतो. चाळीस वर्षांनी. पहिले दोन तास हात ऐकेना. मग ऐकायला लागला, आणि ऐकायला लागला तो थांबेना. तंबोरा बाजूला ठेवला, डार्सीची गिटार पुढ्यात घेतली, नवी पट्टी कापली, कानस उचलली, आणि माझ्या हातानं त्या पट्टीला जवारी लावून टाकली.

म्हणून ती ओरडत होती. आणि बरोबर ओरडत होती.

“दुसरी पट्टी लाव,” ती म्हणाली.

“दुसरं हाड नाही घरात.”

“मग जुनी लाव.”

“ती काढताना मोडली. कुणा बहाद्दरानं सुपरग्लूनं चिकटवली होती.”

“मी चिकटवली होती,” ती म्हणाली.

रविवार होता, वाद्यांची दुकानं बंद. मी म्हणालो, हीच पट्टी घासून सरळ करता येईल, पण वेळ लागेल, कारण हाडावरून एकदा कानस फिरली की हाड परत वाढत नाही. जास्त घासलं की तारा खाली बसणार आणि गिटार मुकी होणार. तिनं घड्याळाकडे पाहिलं. तिचं स्टेज एका गावच्या जत्रेत होतं, तासाभराच्या अंतरावर. “बस ट्रकमध्ये,” म्हणाली. “वाटेत घास.”

शैलानं थालीपिठांचा डबा भरून दिला. माझ्या नव्हे, डार्सीच्या हातात. मला म्हणाली, “अहो, स्वेटर घाला. तुम्हाला गारठ्यात उभं करून मारलं तर निदान थंडी तरी वाजायला नको.”

जुना पिकअप ट्रक, ४०१ चा हायवे, दोन्ही बाजूंना मका आणि पवनचक्क्या, मांडीवर गिटार आणि हातात कानस. पद्धत अशी: तारा सैल करायच्या, पट्टी उपसायची, कानशीचे चार हात मारायचे, पट्टी बसवायची, तारा चढवायच्या, ऐकायचं. परत सैल करायच्या. डार्सीची गाडी चालवायची पद्धत अशी, की कानशीचे चार हात मारायला गेलो की सहा बसायचे. मी दोन वेळा देवाचं नाव घेतलं आणि एकदा इन्शुरन्सचं.

रागावलेलं माणूस खरं बोलतं. ती बोलायला लागली.

गाव उत्तरेला, जिथे नकाशावर रस्ते संपून नुसती तळी उरतात. बाप नव्हता. आई मोटेलमध्ये खोल्या साफ करायची. आई, ही, आणि मोठा भाऊ टॉड, अशी तिघं एका ट्रेलरमध्ये. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं घर, ज्याची चाकं कधीच गेलेली असतात. छप्पर गळायचं. थंडीत पाइप गोठले की आई मोटेलमधून बादल्या भरून आणायची. डब्यात पावाला केचप लावलेलं. कोट चर्चच्या खोक्यातले, तेही आधी टॉडनं दोन वर्षं वापरलेले. “आंघोळीला मात्र तीस प्रकारचे साबण,” ती म्हणाली. “पाहुण्यांनी अर्धे टाकलेले.”

गिटारही तशीच आलेली. एक पाहुणा खोलीत विसरून गेला. मालक म्हणाला, वर्षभर कुणी आलं नाही तर घेऊन जा. आईनं वर्षभर ती कपाटात ठेवली आणि रोज तिच्यावरची धूळ पुसली. वर्ष संपलं त्या दिवशी घरी आणली. “मी ते वर्ष कसं काढलं ते मलाच माहीत,” डार्सी म्हणाली. “दर गाडी थांबली की वाटायचं, आला तो.”

मग माझी ट्यूब पेटली. ती गिटार वीस वर्षं फाटली नाही, कारण छप्पर गळत होतं. ट्रेलर असा ओला, की लाकूड खुशीत होतं. डार्सी विंडसरला आली, हीटिंगवाल्या कोरड्या अपार्टमेंटमध्ये राहिली, आणि पहिल्याच थंडीत गिटारचं पोट फाटलं. गरिबीनं जी सांभाळली, ती उबदार खोलीनं फोडली. मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, “तू तुझं घास.”

बहीणभाऊ मिळून गायचे. आधी गावच्या हॉलमध्ये, बटाट्याच्या तळलेल्या फोडींच्या बदल्यात, मग लग्नांत, मग जत्रांत. त्या वसंतात टॉड अल्बर्टाला तेलाच्या कामावर निघून गेला. तक्रार नाही, त्याला आता दोन मुलं होती. पण जत्रेच्या पोस्टरवर दोघांची नावं छापून झाली होती. आता टॉडच्या नावावर कागद चिकटवला होता.

“गाण्याची भीती नाही मला,” ती म्हणाली. “दोन गाण्यांच्या मध्ये काय करतात ते मला माहीत नाही. बोलायचा तो. पंधरा वर्षं. मी बुटांकडे बघत उभी राहायचे.”

“मग आज?”

“आज टोरांटोहून एक बाई येतेय. टूरसाठी माणसं निवडणारी. जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारी मी उत्तरेला. आईच्या मोटेलात जागा आहे, मालकानं विचारलंय.”

मी कानस खाली ठेवली. मांडीवरचा हाडाचा भुगा झटकला. मग परत उचलली, आणि आयुष्यात घासलं नाही इतक्या काळजीनं घासलं.

जत्रेत पोचलो तेव्हा पाच तारा स्वच्छ झाल्या होत्या. चौथी गुणगुणत होती, आणि आता कानशीचा एक हात जरी मारला असता तरी तारा खाली बसल्या असत्या. मी तिला तसं सांगितलं. वाटलं, आता मारते. ती नुसती म्हणाली, “आण इकडे,” आणि गेली.

स्टेज म्हणजे गवताचे भारे वाहायची गाडी. डावीकडे डुकरांची स्पर्धा, उजवीकडे भोपळ्यांची. एकेक भोपळा असा, की वडिलांनी कोरला असता तर त्याच्या तंबोऱ्याला चार गवई लागले असते. गवताच्या भाऱ्यांवर बसलेले शेतकरी, त्यांच्या बायका, हातांत मक्याची कणसं. टोरांटोची बाई ओळखू येत होती. तिच्या एकटीच्या बुटांना चिखल नव्हता.

डार्सीनं पहिलं गाणं म्हटलं. चांगलं म्हटलं, पण पाठीला फळी बांधल्यासारखं. टाळ्या पडल्या आणि विरल्या. ती बुटांकडे बघायला लागली. मग तिनं उजवीकडे पाहिलं, जिथे टॉड असायचा, आणि तिथे कुणी नव्हतं. टोरांटोच्या बाईनं फोन काढला.

तेवढ्यात डार्सीचा हात चौथ्या तारेला लागला. ‘झ्यांऽऽव’ असा आवाज लाउडस्पीकरमधून निघाला आणि डुकरांपर्यंत गेला.

समोरचा एक म्हातारा कणीस खात म्हणाला, “तो ट्रॅक्टर बंद करा रे कुणीतरी.”

लोक हसले. डार्सीनं मान वर केली. “हे मी केलेलं नाही,” ती माइकमध्ये म्हणाली. “ज्यानं केलं तो तिथे उभा आहे. तो बघा, स्वेटरवाला. सकाळपर्यंत ही गिटार होती. या माणसानं हिचं मधमाश्यांचं पोळं केलं. आणि मला काय सांगतो, तर त्याच्या देशात लोक हे मुद्दाम करून घेतात.”

सगळी जत्रा वळून माझ्याकडे बघायला लागली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझी हुर्यो उडवली. एवढ्या शेतकऱ्यांनी एकमुखानं हुर्यो उडवण्याचा मान आपल्या मंडळात दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही, अध्यक्षांनाही नाही.

आणि मग ती थांबेना. माझ्यावरून तिची गाडी गिटारवर गेली, गिटारवरून मोटेलवर, मोटेलवरून आईवर, कपाटातल्या त्या वर्षावर. ती पाहुण्याच्या गाडीची वाट बघायची तसं बघून दाखवलं. मग तिनं आईवर केलेलं गाणं म्हटलं, आणि पाठीची फळी कुठे गेली कळलंच नाही. कणीस खायचं थांबलं. डुकरं गप्प बसली. भोपळे वीतभर वाढले. बाकीचं सोडा, पण त्या ट्रॅक्टरवाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, हे मी शपथेवर सांगतो.

टोरांटोची बाई चिखलातून चालत स्टेजपाशी आली.

सोमवारी डार्सी उत्तरेला गेली नाही. पुढच्या थंडीत ती एका मोठ्या गायकाच्या आधी वीस मिनिटं गायची, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस, आणि मग तिच्या आधी वीस मिनिटं दुसरंच कुणी गायला लागलं. पोस्टरवर एकच नाव, कुठेही कागद चिकटवलेला नाही. रेडिओ लावला की ती. आमच्या ग्रोसरीच्या दुकानात कांदे निवडताना ती. आईला तिनं पक्कं घर घेऊन दिलं. छप्पर गळत नाही म्हणून आईला चैन पडत नाही, असं ऐकतो.

आणि दर कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याच्या आधी माझी गोष्ट. सांगता सांगता ती वाढत गेली. हॅलिफॅक्समध्ये मी एका डोळ्यानं आंधळा होतो. कॅलगरीत मी साप पाळायचो. व्हँकूव्हरला माझ्या बायकोनं मला त्या कानशीनं मारलं. आयुष्यात मला माझ्याहून थापाडा माणूस एकच भेटला, आणि मी त्याचा ऋणी आहे. कारण ती गोष्ट ऐकून कुठून कुठून माणसं गिटारी घेऊन माझं बेसमेंट शोधत आली. ब्रॅम्पटनहून एक सरदारजी ट्रक घेऊन आले, ट्रकमध्ये फक्त एक गिटार. अठ्ठावीस वर्षं दारं घासली, त्यांतल्या एकाही दारानं मला कधी ओळख दाखवली नाही. या पोरीनं मला देशभर बदनाम करून म्हातारपण दिलं.

डार्सी स्वतःही दर वर्षी येते, टूरवरच्या नव्या गिटारी घेऊन. ती जुनी मात्र तिनं पुन्हा कधी माझ्याकडे आणली नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला: त्या जवारीला तिला धक्का लागू द्यायचा नाही. मंडळात मी सांगत सुटलो, की हिच्या आवाजाची जी जादू आहे ना, ती मिरजेची. चौथ्या तारेत आहे.

आता एक गोष्ट. डार्सीला सांगितलेली नाही. तिला मराठी वाचता येत नाही म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी हातानं चूक केली, असं मी सगळ्यांना सांगतो. पहिल्या दोन तारांपुरतं ते खरं आहे. तिसऱ्या तारेला मला ऐकू आलं होतं. चाचांच्या टेबलावर ऐकलेला आवाज, माझ्या हातातून, चाळीस वर्षांनी. थांबायला हवं होतं. वस्तू दुसऱ्याची होती, तिच्या आईनं वर्षभर पुसलेली. मी थांबलो नाही. उरलेल्या तिन्ही तारांना लावली. त्या जत्रेत ती उभी राहू शकली नसती, तर हे लिहायला माझा हात उचलला नसता. तिनं मला शिव्या देऊन वाचवलं. याहून वेगळे आभार मला मानता येत नाहीत.

गेल्या वर्षी विंडसरच्या मोठ्या थिएटरात तिचा कार्यक्रम झाला. तिनं आम्हाला तिकिटं पाठवली, आणि दुपारी तालमीला या म्हणाली. मी एकटा कसा जाणार? मंडळातले बारा जण नेले. पेटीवाले डॉक्टर, अध्यक्ष, सगळे. ती स्टेजवर खुर्चीत बसून तारा जुळवत होती, आणि मांडीवर तीच जुनी गिटार. शैलाला तिनं मिठी मारली, बाकीच्यांना हात मिळवले. मी सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं आणि घसा साफ केला.

“डार्सी, या लोकांना तूच सांग. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटत नाही. ती जवारी अजून तशीच आहे ना?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या बारा जणांकडे, मग परत गिटारकडे.

“ती पट्टी? दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली. चॅटमला एकजण आहे.”